एका स्लॅबची कुंडली : खान्देशातल्या काँक्रीटचा पर्यावरणीय हिशेब कसा मांडावा

मे महिना, अमळनेर तालुक्यातलं एक गाव, सकाळचे सहा. खान्देशात मे महिन्यात स्लॅब टाकायचा तर दिवस उजाडायच्या आत मिक्सर सुरू झालेला बरा, कारण अकरानंतर खडीच्या ढिगाला हात लावला तर चटका बसतो. मिक्सर-लिफ्टवाले आलेले, गोण्यांची थप्पी पांढऱ्या ताडपत्रीखाली, सेंट्रिंगवर सळई बांधून तयार. घरमालक नाना चहाचा कप हातात देत म्हणाले, "तुम्ही सांगता ह्या सिमेंटनं प्रदूषण कमी होतं. पण मोजता कसं ते? मीटर तर कुठं दिसत नाही."

प्रश्न रास्त होता. उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून हा लेख. वस्तूच्या जन्मापासून शेवटापर्यंतच्या प्रदूषणाच्या या हिशेबाचं शास्त्रीय नाव जीवनचक्र मूल्यमापन, आमच्या धंद्यात एलसीए म्हणतात. त्याची चौकट आयएसओ 14040 आणि 14044 या मानकांत आहे, आणि बांधकाम साहित्यासाठीचे बारकावे आयएसओ 21930 आणि युरोपच्या ईएन 15804 मध्ये. मानकं वाचावीतच, पण ती वाचून जळगाव-धुळ्याच्या साइटवरचा हिशेब आपोआप मांडता येत नाही. तो कसा मांडायचा ते नानांच्या स्लॅबवरच दाखवतो.

पायरी 1 : कामाचं माप ठरवा, घनमीटरचं नाही

सगळ्यात जास्त चुका इथं होतात. "एक घनमीटर काँक्रीटमागे किती कार्बन?" हा प्रश्न सोपा वाटतो, पण एम-20 चा घनमीटर आणि एम-40 चा घनमीटर (एम पुढचा आकडा म्हणजे 28 दिवसांची ताकद, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) एकाच तराजूत तोलणं म्हणजे बैलगाडी आणि ट्रॅक्टर वजनावरून विकत घेण्यासारखं. एम-40 चा घनमीटर कार्बनला जड पडतो, पण त्यातून कॉलम बारीक होत असतील तर पूर्ण इमारतीला तोच हलका पडू शकतो.

म्हणून माप कामाचं घ्यायचं. नानांच्या बाबतीत ते असं लिहिलं : "90 चौरस मीटरचा राहत्या घराचा स्लॅब, बीमसह, 28 दिवसांना एम-25 ची ताकद, 60 वर्षांचं आयुष्य." स्लॅबची जाडी 125 मिलिमीटर, बीम धरून काँक्रीट 15 घनमीटर. ताकद, दिवस, आयुष्य हे तीन शब्द मापात असलेच पाहिजेत. पुढं दोन पर्यायांची तुलना करताना यातला एक जरी बदलला तरी तुलना खोटी पडते.

पायरी 2 : कुठून कुठपर्यंत

मानकांत टप्प्यांना अक्षरं दिली आहेत. ए-1 कच्चा माल, ए-2 त्याची कारखान्यापर्यंतची वाहतूक, ए-3 उत्पादन, ए-4 साइटपर्यंतची वाहतूक, ए-5 प्रत्यक्ष बांधकाम. बी म्हणजे वापराचा काळ, सी म्हणजे पाडकाम आणि विल्हेवाट. डी हा आयुष्यानंतरचा फायदा, म्हणजे पाडलेल्या मालातून जे पुन्हा कामी येईल ते. डी नेहमी वेगळा दाखवायचा, बेरजेत मिसळायचा नाही.

आरएमसी प्लांटचं, म्हणजे कारखान्यातून तयार होऊन येणारं, काँक्रीट असेल तर ए-3 प्लांटच्या दारात संपतो आणि ट्रान्झिट मिक्सर निघाला की ए-4 सुरू. साइटवर मिक्सर लावून काँक्रीट करत असाल तर कारखाना तुमच्या अंगणातच आहे, ए-4 जवळपास शून्य. मग सिमेंट, खडी आणि वाळूचे डंपर ए-2 मध्ये मोडतात. हे कागदावर नीट लिहून ठेवा, नाहीतर एकच डंपर दोनदा मोजला जातो.

पायरी 3 : गोणी उलटी करून वाचा

कोणी "डेटा गोळा करायचा" म्हटलं की माणसं लॅपटॉप उघडतात. आधी गोणी उघडा, म्हणजे वाचा. पीपीसीच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेल्या सिमेंटच्या, गोणीवर आयएस (भारतीय मानक) 1489 चा क्रमांक, उत्पादनाचा आठवडा आणि त्यात राख किती टक्के घातली आहे ते छापलेलं असतं. मानकाप्रमाणे राख 15 ते 35 टक्के असू शकते. 18 टक्क्यांची पीपीसी आणि 34 टक्क्यांची पीपीसी दुकानात एकाच नावानं मिळतात, कार्बनच्या हिशेबात मात्र ती वेगळी सिमेंटं आहेत. गोणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढं कोणी विचारलं तर तोच पुरावा.

दुसरी गोष्ट, रिकाम्या गोण्या मोजा. दुकानदाराचं बिल हा खरेदीचा पुरावा आहे, वापराचा नाही. नानांच्या डिझाइनप्रमाणे 102 गोण्या लागायला हव्या होत्या. संध्याकाळी रिकाम्या मोजल्या तर 106. चार कुठं गेल्या? माल घट्ट झाला म्हणून मिस्तरीनं पाणी वाढवलं आणि पाणी वाढलं म्हणून अंदाजानं सिमेंटही वाढवलं. सकाळी नऊच्या सुमारास तो ओरडत होताच, "भाऊ, माल घट व्हई ऱ्हायना, पानी टाकू का?" 102 ऐवजी 106 म्हणजे 200 किलो सिमेंट, पीपीसीच्या हिशेबानं सव्वाशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. घमेल्याच्या मापात होणारी ही गळती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

आरएमसी असेल तर हे सोपं. प्रत्येक गाडीबरोबर बॅच रिपोर्ट येतो, त्यात सिमेंट, राख, खडी, पाणी, अ‍ॅडमिक्श्चर (पाणी कमी लागावं म्हणून घालायचं रसायन) सगळं किलोत छापलेलं असतं. डिलिव्हरी चलनाबरोबर तो मागून घ्या. देत नसतील तर का देत नाहीत ते विचारा.

पायरी 4 : क्लिंकर समजून घ्या, बाकी आपोआप समजेल

क्लिंकर म्हणजे चुनखडी भट्टीत भाजून होणारे गोळे, तेच दळून सिमेंट होतं. सिमेंटमधला कार्बन कोळशामुळे येतो असं बहुतेकांना वाटतं. अर्धसत्य आहे. चुनखडी तापली की ती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते. 100 किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमधून 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो वायू उडून जातो. क्लिंकरमध्ये चुना साधारण 65 टक्के असतो. 65 ला 56 ने भागून 44 ने गुणलं की 100 किलो क्लिंकरमागे 51 किलो वायू येतो. मॅग्नेशियमचा थोडा हिस्सा धरला की 52-53. भट्टी सूर्यप्रकाशावर चालवली तरी हा वायू निघणारच. त्यावर 1450 अंशांच्या आसपास भट्टी तापवायचं इंधन आणि दळायची वीज धरून एक टन क्लिंकरमागे 0.85 टनाच्या आसपास आकडा जातो.

खान्देश हा काळ्या पाषाणाचा, दख्खनच्या बेसाल्टचा मुलूख. सिमेंटच्या दर्जाची चुनखडी इथं नाही, त्यामुळे क्लिंकरची भट्टीही नाही. नशिराबादला आहे ते दळायचं युनिट. क्लिंकर रेल्वेनं बाहेरून येतं, इथं त्यात जिप्सम आणि राख घालून दळलं जातं. म्हणजे ज्या वायूची आपण मोजदाद करतो तो जळगावच्या आकाशात सोडलाच जात नाही, तो शेकडो किलोमीटर दूर चुनखडीच्या पट्ट्यात सुटतो. "आमच्याकडं धूर दिसत नाही" हा युक्तिवाद म्हणूनच चालत नाही. पूर्ण जीवनचक्र मोजायचं ते याचसाठी.

या लेखात मी हे गुणक धरले आहेत, एक किलो सिमेंटमागे किलो कार्बन डायऑक्साइड : ओपीसी (साधं, राख नसलेलं सिमेंट) 0.85, तीसेक टक्के राखेची पीपीसी 0.60, अर्धी स्लॅग (लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी) असलेली पीएससी 0.45. हे काम चालवायचे आकडे आहेत. ज्या कंपनीनं आपल्या सिमेंटचं ईपीडी, म्हणजे पर्यावरणीय उत्पादन घोषणापत्र, प्रसिद्ध केलं असेल तिथं त्यातला आकडा घ्या. भारतासाठीचे सरासरी गुणक आयएफसी या जागतिक बँक समूहातल्या संस्थेच्या 2017 च्या बांधकाम साहित्य डेटाबेसमध्येही मिळतात.

राख कोणाच्या खात्यात?

भुसावळजवळचं दीपनगर औष्णिक वीज केंद्र आपल्या दारात आहे. तिथली कोरडी राख सिमेंटात जाते. इथं वाटणीचा प्रश्न येतो : कोळसा जाळताना झालेलं प्रदूषण विजेच्या खात्यात टाकायचं की थोडं राखेच्याही? प्रचलित पद्धतीत राख कचरा मानतात, तिच्या डोक्यावर कोळशाचा बोजा टाकत नाहीत. फक्त चाळणं, साठवणं आणि वाहतूक मोजतात. दुसरा पक्ष म्हणतो, राख विकून पैसे मिळतात, म्हणजे ती उपउत्पादन झाली, मग किमतीच्या प्रमाणात वाटणी करा. माझं मत पहिल्या बाजूनं आहे, कारण राख विकली गेली नाही म्हणून कोणी वीज केंद्र बंद करणार नाही. पण कुठलीही पद्धत घ्या, ती अहवालात लिहा. आणि सर्व पर्यायांना तीच लावा.

एक बारकावा. बॉयलरच्या धुरातून पकडलेली कोरडी, बारीक राख आयएस 3812 च्या पहिल्या भागात बसते आणि काँक्रीटला उपयोगी पडते. पाण्याबरोबर तलावात सोडलेली ओली राख विटांना आणि रस्त्याच्या भरावाला चालते, स्लॅबला नाही. "राख ती राख" म्हणत तलावातली राख मिक्सरमध्ये टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

स्लॅगचं गणित आणखी वेगळं. झोतभट्टीचे पोलाद कारखाने आपल्याकडं नाहीत, स्लॅग लांबून येते. तिची वाहतूक धरा, पण त्यानं घाबरू नका. कारण पुढं दिसेलच.

पायरी 5 : खडी, वाळू आणि डंपरचं डिझेल

क्रशरवर एक टन खडी फोडायला चारेक युनिट वीज लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे देशातल्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. त्यात खाणीतलं पोकलेन आणि सुरुंग धरून मी खडीला टनामागे 5 किलो धरतो, नदीच्या वाळूला 3.

इथं स्वतःची एक फजिती सांगतो. पहिल्यांदा ओपनएलसीए या सॉफ्टवेअरवर हिशेब केला तेव्हा क्रशरचा आकडा फारच गोड आला. दोन दिवस मी खूश. मग लक्षात आलं की डेटाबेसमधून घेतलेल्या प्रक्रियेत वीज युरोपातली होती, जलविद्युत आणि अणुऊर्जेची. भुसावळच्या कोळशाचा तिथं मागमूस नव्हता. तेव्हापासून कुठलीही तयार प्रक्रिया घेतली की सर्वात आधी तिची वीज कुठल्या देशाची आहे ते बघतो.

वाहतुकीचा गुणक पुस्तकातून घेण्यापेक्षा डंपरवाल्याला विचारा. दहा चाकी डंपर, 17 टन माल, म्हणजे वाळू असेल तर चारेक ब्रास. क्रशर 25 किलोमीटरवर. भरून 25, रिकामा परत 25, एकूण 50 किलोमीटर. लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर 14.3 लिटर डिझेल. लिटरमागे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 38 किलो. त्याला 17 टन गुणिले 25 किलोमीटरनं भागा : टन-किलोमीटरमागे 0.09 किलो. रिकामी परतफेरी धरायची विसरलात तर आकडा बराच कमी दिसतो, आणि बहुतेक जण विसरतात. रेल्वेला मी 0.02 धरतो.

पायरी 6 : बेरीज

आता तीन पर्याय.

(अ) गावोगावी चालतं ते : ओपीसी, 1:1½:3 चं (सिमेंट:वाळू:खडी) घमेल्याचं माप. घनमीटरला 400 किलो, म्हणजे 8 गोण्या.
(ब) तेच माप, फक्त गोणी पीपीसीची.
(क) पीपीसी, आयएस 10262 प्रमाणे डिझाइन मिक्स, पाणी-सिमेंट प्रमाण 0.50, अ‍ॅडमिक्श्चरसह 340 किलो.

एक कबुली आधीच देतो. 1:1½:3 हे एम-20 चं रूढ माप, आणि आयएस 456:2000 प्रमाणे त्यावरच्या ग्रेडला नॉमिनल मिक्स, म्हणजे डिझाइन न करता ठरलेलं प्रमाण, चालत नाही. म्हणजे (अ) आणि (ब) आपल्या पहिल्या पायरीतल्या मापात नीट बसतच नाहीत. तरी घेतले, कारण प्रत्यक्षात गावात तुलना यांच्याशीच असते.

(क) च्या एका घनमीटरचा हिशेब : सिमेंट 340 × 0.60 = 204 किलो. खडी 1170 किलो आणि वाळू 720 किलो मिळून 8. त्यांची वाहतूक, खडी 25 आणि वाळू 40 किलोमीटर, 5.2. सिमेंटची 60 किलोमीटर ट्रकनं आणि आतल्या क्लिंकरची 700 किलोमीटर रेल्वेनं धरून 4.9. अ‍ॅडमिक्श्चर 5. मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटरचं लिटरभर डिझेल 2.7. एकूण 230 किलो. याच रीतीनं (ब) 262 आणि (अ) 363.

पूर्ण स्लॅबला, 15 घनमीटरला : (अ) सुमारे 5450 किलो, (ब) 3930, (क) 3450. पहिल्या आणि तिसऱ्यात 2000 किलोचा फरक. नानांना हे डिझेलमध्ये सांगितलं, साडेसातशे लिटर, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

आकडे जरा निरखून बघा. (क) मध्ये 230 पैकी 204 सिमेंटचे, म्हणजे 89 टक्के. सगळी वाहतूक मिळून साडेचार टक्के. जास्त राखेची गोणी 100 किलोमीटर आणखी लांबून आणावी लागली तरी घनमीटरमागे फक्त 3 किलो वाढतात, आणि ओपीसीऐवजी ती वापरल्यानं 85 किलो वाचतात. "स्थानिक माल वापरा" हा सल्ला खडी-वाळूला ठीक आहे, सिमेंटला आंधळेपणानं लावू नका. फक्त गोणी बदलून दीड टन वाचले, मिक्स डिझाइन करून आणखी अर्धा टन. ज्याला एकच गोष्ट करायची असेल त्यानं दुकानात उभं राहून गोणी वाचावी.

सिमेंट आणखी किती कमी करता येईल? आरसीसीला आयएस 456 प्रमाणे मध्यम परिस्थितीतही किमान 300 किलो सिमेंट हवं. त्याखाली जाऊन हिशेब सुंदर दाखवणं म्हणजे फसवणूक.

पायरी 7 : सळई विसरलात की अर्धा हिशेब गेला

काँक्रीटच्या एलसीएत सळई बऱ्याचदा "वेगळा विषय" म्हणून बाहेर ठेवतात. स्लॅब सळईशिवाय उभा राहतो का? घनमीटरला 90 किलो धरली तर 15 घनमीटरला 1350 किलो. झोतभट्टीच्या पोलादाचा गुणक 2.2 धरला तर 2970 किलो. काँक्रीट 3450, सळई 2970. बरोबरीला येऊन बसली.

आपल्याकडं येणारी बरीच सळई शेजारच्या जालन्याची, भंगार वितळवून इंडक्शन फर्नेसमध्ये केलेली. निव्वळ भंगारापासून असेल तर गुणक खूप कमी, टनामागे एका टनाच्या आतही. पण भट्टीत कोळशावर केलेलं स्पंज आयर्न किती मिसळलं त्यावर तो झपाट्यानं वाढतो. म्हणून पुरवठादाराला एकच प्रश्न : स्पंज किती टक्के? उत्तर मिळालं नाही तर 2.2 धरा आणि तसं लिहा. शंका असेल तेव्हा स्वतःच्या विरुद्ध जाणारा आकडा घ्यायचा, हा माझा नेम.

पायरी 8 : पाणी, आपल्याकडं हे कार्बनइतकंच महत्त्वाचं

परदेशी अहवालांत पाण्याची ओळ शेवटी, लहान अक्षरात असते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, जिथं भूजलाचा अतिउपसा सरकारी दप्तरी नोंदलेला आहे, तिथं ती वर आणायला हवी.

मिक्समधलं पाणी : 170 लिटर × 15 = 2550 लिटर. आता क्युरिंग, म्हणजे स्लॅब ओला ठेवणं. स्लॅबवर सिमेंट-वाळूचे वाफे घालून 50 मिलिमीटर पाणी भरलं तर 4500 लिटर. मेमध्ये रोज 10 मिलिमीटर उडतं असं धरलं तर 900 लिटर रोज भरावं लागतं. पीपीसीला 14 दिवस धरायचे : आयएस 456 मध्ये कोरड्या-उष्ण हवेत आणि मिश्र सिमेंटला किमान 10 दिवस आहेत आणि मिश्र सिमेंटला 14 पर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. म्हणजे 12,600. एकूण क्युरिंग 17,100 लिटर, मिक्समधल्या पाण्याच्या सहा-सात पट. दहा हजार लिटरचे दोन टँकर.

वाफ्यांऐवजी ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक अंथरलं की पाणी निम्म्याहून खाली येतं, कारण उघडं पाणीच उरत नाही. नानांच्या घरी दोन्ही होतं, गोणपाट कापसाच्या हंगामातलं आणि प्लॅस्टिक शेततळ्याच्या अस्तरातून उरलेलं. क्युरिंग कमी करून पाणी वाचवणं मात्र आतबट्ट्याचं. पीपीसीची ताकद उशिरा येते, ती कोरडी पडली तर येतच नाही. याच कारणानं सेंट्रिंग काढायचीही घाई नको. ओपीसीच्या सवयीचा मिस्तरी सातव्या दिवशी टेकू काढायला निघतो, त्याला थांबवा.

वाळूचं काय?

वाळूचा कार्बन घनमीटरमागे 5 किलोच्या आत आहे. त्यावरून कोणी वाळू निरुपद्रवी ठरवली तर तो हिशेब बरोबर आणि निष्कर्ष चूक. तापी, गिरणा, पांझरा यांच्या पात्रातून वाळू उपसली की पात्र खोल जातं, काठच्या विहिरींची पातळी उतरते, पूल आणि बंधाऱ्यांचे पाये उघडे पडतात. वर धरण असेल तर नवी वाळू पुरेशी येतही नाही. एलसीएच्या नेहमीच्या रकान्यांत, तापमानवाढ, आम्लीकरण, जलप्रदूषण, ऊर्जा, यातलं काही नीट बसत नाही. मी अहवालात यासाठी आकड्याऐवजी परिच्छेद लिहितो : वाळू कुठल्या घाटाची, वाहतुकीची पावती होती का, किती ब्रास.

पर्याय क्रश सँडचा. बेसाल्ट आपल्याकडं मुबलक, त्यामुळे दगडाची चिंता नाही. पण ती वाळू धुतलेली आणि आकार दिलेली हवी. आयएस 383:2016 मध्ये फोडलेल्या वाळूत 75 मायक्रॉनखालची भुकटी 15 टक्क्यांपर्यंत चालते, काही क्रशरवरची कच त्याहून जास्त धुळीची असते. धूळ जास्त झाली की पाणी जास्त लागतं. घनमीटरला 10 लिटर पाणी वाढलं तर तेच प्रमाण राखायला 20 किलो सिमेंट वाढतं, म्हणजे 12 किलो कार्बन, वाळूच्या स्वतःच्या हिश्श्याच्या दुप्पट-तिप्पट. नदी वाचवताना सिमेंट वाढू नये, यासाठी चाळणीची चाचणी करून घ्या. कुठल्याही पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत होते.

पायरी 9 : वापर, पाडकाम

सळई धरून स्लॅबचा एकूण बोजा 6420 किलो. 60 वर्षांत वाटला तर वर्षाला 107. कव्हर ब्लॉक न लावल्यानं सळई सेंट्रिंगला टेकली, पंचविसाव्या वर्षी गंजून प्लास्टर पडू लागलं आणि स्लॅब पाडावा लागला, तर वर्षाला 257. स्लॅबला 20 मिलिमीटरचं कव्हर देणारे ते चिमुकले ठोकळे मिस्तरीच्या शर्टाच्या खिशात मावतात, आणि तिथंच राहतात.

काँक्रीट आयुष्यभर हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइड परत शोषतं, हे खरं आहे. प्लास्टर आणि रंगाखाली ते फार सावकाश होतं, आणि सळईपर्यंत पोचलं तर गंजाचं आमंत्रणच. मी हा आकडा मुख्य बेरजेतून वजा करत नाही, टीप म्हणून वेगळा देतो.

पाडलेल्या काँक्रीटची खडी आयएस 383:2016 प्रमाणे एम-25 पर्यंतच्या आरसीसीत 20 टक्के, साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के आणि एम-15 खालच्या लीन काँक्रीटमध्ये पूर्ण वापरता येते. कार्बन यातून घनमीटरमागे जेमतेम किलोभर वाचतो. फायदा आहे तो टेकड्या कमी पोखरल्या जाण्याचा आणि नाल्यात डबर न टाकण्याचा. कार्बनच्या नावानं त्याची जाहिरात करू नका.

पायरी 10 : हलवून बघा, मग लिहा

आकडे तयार झाले की एकेक हलवून बघा. पीपीसीचा गुणक 0.60 ऐवजी 0.55 किंवा 0.65 धरला तर घनमीटरमागे 17 किलो इकडे-तिकडे. सगळी वाहतूक दीडपट केली तर फक्त 5. सळईचा गुणक 2.2 वरून 1 वर आणला तर पूर्ण स्लॅबला 1600 किलोंचा फरक. यातून कळतं की वेळ कुठं घालवायचा : डंपरच्या किलोमीटरवर वाद नको, सळईच्या पुरवठादाराला आणखी एक फोन करा.

अहवालात कामाचं माप, सीमा, प्रत्येक आकडा मोजलेला की गृहीत, राखेच्या वाटणीची पद्धत आणि वर्ष, एवढं हवंच. दोन कंपन्यांची ईपीडी शेजारी ठेवून तुलना करण्याआधी दोन्ही एकाच नियमावलीनं केलेली आहेत का ते बघा. आणि "आमचं काँक्रीट त्यांच्यापेक्षा हिरवं" असा दावा जाहीरपणे करायचा असेल तर आयएसओ 14044 प्रमाणे बाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीकडून तपासणी लागते. गावातल्या स्लॅबला ती लागत नाही.

गावातल्या स्लॅबला क्यूब लागतात, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे. 15 घनमीटरला आयएस 456 प्रमाणे दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, 28 दिवसांसाठी. पीपीसी असेल तर मी 7 आणि 56 दिवसांचे तीन-तीन आणखी भरतो. एम-25 ची लक्ष्य ताकद, म्हणजे मिक्स डिझाइन करताना धरायची सरासरी, 31.6 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर येते. 28 दिवसांना क्यूब 25 च्या खाली फुटले तर वरचा सगळा हिशेब मापात बसत नाही, आणि तो फाडून पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. नानांचे क्यूब त्यांच्या हौदात बुडवून ठेवले आहेत, म्हशींच्या पाण्याशेजारी. वर खडूनं तारीख लिहिलेली आहे आणि नाना रोज सकाळी ते बुडालेले आहेत ना, ते बघून येतात.